ट्रायम्फ टीआर६ चा क्लच: कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

गाडी १९७२ ची टीआर६, ट्रायम्फची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, लुकासचं पेट्रोल इंजेक्शन, लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरला इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर). क्लच गेलाय हे बरेच दिवस माहीत होतं, काम पुढे ढकलत होतो. चौथ्या गिअरला चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगात. एवढंच असतं तर प्लेट झिजली म्हणून विषय संपला असता, पण हिला नेमका उलटा त्रास पण आहे, पेडल तळापर्यंत दाबूनही रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. म्हणजे धरायच्या वेळी धरत नाही आणि सोडायच्या वेळी सोडत नाही.

रिव्हर्सची टेस्ट सोपी आहे. गाडी न्यूट्रलला, इंजिन आयडलिंगला, क्लच पूर्ण दाबायचा, तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. या गिअरबॉक्सचे पुढचे चारही गिअर सिंक्रोमेशचे (टाकताना वेग आपोआप जुळवून घेणारे) आहेत त्यामुळे ते चुका पोटात घालतात, रिव्हर्सला सिंक्रो नाही म्हणून तो खरं बोलतो. थांबूनही करकर आली म्हणजे क्लचची प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चाकाला) कुठेतरी घासतेय, सुटत नाहीये.

दोन तक्रारी, दोन कारणं असणार. घसरण्याचं कारण आत आहे, ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसणार नाही. न सुटण्याचं कारण पेडलपासून बेअरिंगपर्यंत कुठेही असू शकतं. नुसती क्लच किट आणून बसवायची आणि आशा करायची, असं करून लोकांनी हाच गिअरबॉक्स वर्षात दोनदा उतरवलाय, मला ते करायचं नाही.

३ नोव्हेंबर

गिअरबॉक्सला हात लावण्याआधी बाहेरून जेवढं मोजता येतं तेवढं मोजलं. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, भाच्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि मी पट्टी घेऊन खाली. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर फ्लुइड ढकलतो आणि ते गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडरची दांडी, म्हणजे पुशरॉड, ढकलतं. तो पुशरॉड किती सरकतो ते बघायचं होतं.

"मामा, पूर्ण दाबू?"
"पूर्ण. आणि मी सांगेपर्यंत पाय काढू नकोस."

जेमतेम तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). किमान चार तरी पाहिजे, पाच असेल तर उत्तम. मग वर येऊन पेडल बघितलं. मास्टर सिलिंडरचा पुशरॉड पेडलला ज्या क्लेव्हिस पिनने जोडलेला असतो ती पिन मधोमध खाल्ली गेलीये, आणि पेडलमधलं भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय. पेडल हाताने हलवलं तर मास्टरचा दट्ट्या हलायच्या आधी बराच प्रवास फुकट जातो. इथे हरवलेला प्रवास पुढे कुठेच परत मिळत नाही. मास्टरचं बोअर पाऊण इंच आणि स्लेव्हचं एक इंच धरलं तर क्षेत्रफळाच्या हिशोबाने मास्टरला जेवढा स्ट्रोक मिळतो त्याच्या साधारण ५६ टक्केच स्लेव्हला पोचतो. मास्टर ०.७० चा असेल तर ४९ टक्के. त्यामुळे पेडलपाशीच सूतभर गेलं की मागे बोंबच.

खाली अजून दोन गंमती सापडल्या. स्लेव्ह सिलिंडर उलटा बसवलेला, म्हणजे एअर काढायचा निपल खाली आणि पाइप वर. हवा वर जाते, निपल खाली, मग ती निघणार कशी? आधीच्या कुणीतरी हे केलंय. दुसरी गंमत म्हणजे क्रॉस शाफ्टच्या (पुशरॉडने फिरणाऱ्या, क्लच सोडवणाऱ्या आडव्या दांड्याच्या) बाहेरच्या लिव्हरला तीन भोकं असतात, पुशरॉड मधल्यात असायला पाहिजे, तो होता शाफ्टच्या सगळ्यात जवळच्या भोकात. लिव्हर छोटा झाला की तेवढ्याच स्ट्रोकमध्ये शाफ्ट जास्त फिरतो, म्हणून केलं असणार. त्याने पेडल दगडासारखं जड होतं आणि खरा आजार झाकला जातो.

जाता जाता क्रँकचा एंड फ्लोट, म्हणजे पुढे-मागे सरकायची मोकळीक, पण बघून टाकला. या इंजिनांचा हा जुना दुखरा भाग आहे. मागच्या मेन बेअरिंगपाशी अर्धचंद्रासारखे थ्रस्ट वॉशर असतात, क्लच दाबला की सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो आणि मागचा वॉशर झिजत जातो. फारच झिजला तर जागेवरून निसटून ऑइल सम्पमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) पडतो, आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासायला लागतो, मग ब्लॉकच जातो. पुढच्या पुलीवर डायल गेज लावला, भाच्याने क्लच दाबला सोडला, सात थाऊ (इंचाचे हजारावे भाग). सहा ते आठच्या मधे आहे. सुटलो. हे वाचणाऱ्या कुणाकडे ही गाडी असेल तर क्लचचं काम काढायच्या आधी एवढं मोजाच, कारण फ्लोट वाढलेला असेल तर कामाचा क्रमच बदलतो, सम्प आधी आणि क्लच नंतर.

९ नोव्हेंबर

या गाडीचा गिअरबॉक्स खालून येत नाही, आतून येतो. चासीचा क्रॉस मेंबर मधे आडवा आहे. इंजिनसकट वर काढता येतो, पण त्यासाठी बॉनेट, रेडिएटर, इंजेक्शनचे पाइप सगळंच. त्यापेक्षा आतून बरं.

बॅटरी सुटी केली. सीट काढल्या, गालिचे काढले. डॅशबोर्डच्या खाली मधोमध एच आकाराचा आधार असतो तो खोलला, रेडिओची जागा पण त्यातच. मग टनेल कव्हर, जे मूळचं पुठ्ठ्यासारख्या फायबरबोर्डचं असतं आणि पन्नास वर्षांत तेल पिऊन पापड झालेलं असतं. कडेने स्क्रू आहेत, काही फिरले, काही नुसतेच गोल गोल. त्यांची डोकी ड्रिलने उडवली. कव्हरला एका कोपऱ्यात तडा गेलाच, तो फायबर ग्लासने भरून घेईन.

पानांबद्दल एक. ही गाडी इंचाची आहे, पाने एएफचे (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या मापाचे) लागतात, जास्त करून अर्धा इंच आणि नऊ सोळांश. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो, नाही असं नाही, पण ढिला बसतो, आणि बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या घराचे) वरचे बोल्ट घट्ट असतात, तिथे कोपरे गोल झाले तर पुढचा दिवस छिन्नी हातोडीत जातो.

१० नोव्हेंबर

प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजवर पंचाने खूण केली आणि चार बोल्ट काढले. खूण यासाठी की बॅलन्स बसलेला असतो, परत तसाच जोडायचा. स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी, ओव्हरड्राइव्हच्या वायरी, प्रत्येकीला चिकटपट्टीवर नाव. गिअर लिव्हरसकट वरचं झाकण काढलं, भोकावर लगेच स्वच्छ फडकं बांधलं. स्टार्टर काढला. स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधून ठेवला.

इंजिनच्या सम्पखाली जॅक, मधे जाड फळी, कारण सम्प पत्र्याचा आहे आणि जॅकचं टोक सरळ लावलं तर खळगा पडतो. मागचं माउंटिंग काढलं. बेलहाउसिंगचे बोल्ट काढताना वरच्या दोन बोल्टच्या जागी लांब स्टड घातले, डोकं कापलेले बोल्टच ते. याने होतं काय की गिअरबॉक्स मागे सरकताना या दोन दांड्यांवर तोलून राहतो. तसं नाही केलं तर सगळं वजन इनपुट शाफ्टवरून क्लच प्लेटच्या हबवर लटकतं आणि नवी प्लेट असेल तर ती तिथेच वाकते.

ओव्हरड्राइव्हमुळे गिअरबॉक्स लांब आणि जड. भाचा मागे, मी पुढे, सीटच्या जागेवर जुनी सतरंजी. सरळ मागे, मग शेपूट खाली, नाक वर, थोडं डावीकडे, आणि दाराच्या बाहेर. लिहिताना एका ओळीत झालं, करताना दोघांच्याही पाठीची परीक्षा होती.

प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) काढताना बोल्ट समोरासमोर, प्रत्येकी अर्धा फेरा, नाहीतर कव्हर वाकडं होतं. प्लेट हातात आली आणि घसरायचं कारण कळलं. फ्लायव्हीलच्या बाजूचं लायनिंग रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आलंय, दोन रिव्हेट तर चकाकत होते, म्हणजे लोखंडाला लोखंड लागायला सुरुवात झाली होती. कडेला तेलाचा काळा हात पण फिरलाय.

इथे एक गंभीर गोष्ट. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. कंप्रेसरने हवा मारून बेलहाउसिंग साफ करायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला मास्क. यात हयगय नको.

१६ नोव्हेंबर

आजचा दिवस टेपर पिनचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेलहाउसिंगमधून आडवा एक शाफ्ट जातो, बाहेर त्याला लिव्हर आणि आत त्याला फोर्क. फोर्क रिलीज बेअरिंगची स्लीव्ह पुढे ढकलतो. आणि फोर्क शाफ्टवर धरून ठेवायला काय असतं? निमुळतं टोक असलेला एक बोल्ट, बस. चौकोनी डोकं, लॉकिंग वायरने बांधलेला. ती पिन बरोबर फोर्क आणि शाफ्टच्या सांध्यात तुटते. तुटल्यावर गंमत अशी की क्लच बंद पडत नाही, आत राहिलेला तुकडा भोकात डुलत डुलत काम करत राहतो. फक्त शाफ्ट थोडा फिरल्यावर मग फोर्क हलतो. मधला प्रवास गेला.

बाहेरचा लिव्हर बोटाने हलवून आत फोर्ककडे बघितलं, लिव्हर हलतोय आणि फोर्क शांत. तेव्हाच खात्री झाली. लॉकिंग वायर कापली, पाना लावला, डोकं बिनविरोध हातात आलं, टोकाला तुटलेला चेहरा, अर्धा भाग जुना काळवंडलेला आणि अर्धा करडा दाणेदार. म्हणजे आधी तडा गेला, बराच काळ तसाच चालला आणि उरलेला अलीकडे तुटला.

तुकडा आत राहिला की फोर्क शाफ्टवरून सरकत नाही आणि फोर्क सरकला नाही तर शाफ्ट बेलहाउसिंगमधून निघत नाही. इलाज एकच, फोर्कच्या दुसऱ्या बाजूने, पिनच्या बरोबर समोर, बारीक ड्रिल मारायचा, तुकड्याच्या बारीक टोकाला पोचायचं आणि पंचाने आल्या वाटेने मागे ठोकायचा. निमुळता असल्यामुळे एकदा हलला की सुटतो. हलेपर्यंत मात्र हातोडीचे ठोके मोजायचे नाहीत. तेल सोडून रात्रभर ठेवला होता, त्याचा उपयोग झाला असावा.

शाफ्ट बाहेर आल्यावर पिन का तुटली तेही दिसलं. दोन्ही टोकांच्या बुशमध्ये ग्रीसचा पत्ता नाही, शाफ्टवर बुशच्या जागी चरे पडलेत. बेलहाउसिंगला बाहेरून ग्रीस निपल आहेत, त्यांच्यावर चिखल आणि रंगाचे थर. कोरडा शाफ्ट अडकतो, स्लेव्ह तरी ढकलतोच, मधे सापडते ती पिन.

१७ नोव्हेंबर

नवा शाफ्ट, नवे बुश, नवा फोर्क, नवी पिन. जुना फोर्क वापरता आला असता, पण त्याचं निमुळतं भोक अंडाकृती झालंय आणि पिन तिथे पूर्ण अंगाने बसली नाही तर परत तेच. नवी पिन आधी निळा रंग लावून बसवून काढून बघितली, टेकते का सगळीकडे ते. टेकते.

शिवाय टर्नरकडून फोर्क आणि शाफ्टमधून, टेपर पिनच्या काटकोनात, एक आरपार भोक पाडून घेतलं आणि त्यात हाय टेन्साइल बोल्ट नायलॉक नटासकट. मूळ डिझाइनमध्ये हे नाही. कॉन्कर्स स्पर्धेत (जिथे जुनी गाडी किती मूळ रूपात आहे ते बघतात) कुणी बेलहाउसिंगमध्ये डोकं घालून गुण कापणार असेल तर कापो. पिन उद्या परत तुटली तरी बोल्ट सांभाळेल आणि हा गिअरबॉक्स त्या कारणासाठी परत उतरणार नाही.

रिलीज बेअरिंग स्लीव्हवर प्रेसने बसवलं, जोर आतल्या रिंगवर, हातोडी नाही. स्लीव्ह ज्या नळीवर सरकते तिच्यावर बोट फिरवलं, खाच नाही, गुळगुळीत. तिथे ग्रीसचा नुसता हात फिरवला, थापला नाही, कारण जास्तीचं ग्रीस फिरून प्लेटवरच उडतं.

२३ नोव्हेंबर

फ्लायव्हील उतरवलं. रिव्हेटने दोन उथळ चरे काढलेत, निळे डाग आहेत, पण तडे नाहीत. टर्नरने एक हलका कट घेतला. दातेरी रिंग ठीक आहे.

मागचं ऑइल सील बदललं, प्लेटवर तेल तिथूनच आलं होतं. सीलचं घर परत लावताना ते क्रँकच्या बरोबर मध्यावर बसवायचं, कडेला सरकलं तर नवं सील पण गळणार.

मग क्रँकच्या शेपटीतला छोटा ब्रॉन्झचा बुश, ज्यात इनपुट शाफ्टचं टोक फिरतं. हा लोक सोडून देतात आणि पस्तावतात, तो जाम झाला तर क्लच सुटला तरी इनपुट शाफ्ट क्रँकबरोबर फिरतच राहतो आणि परत रिव्हर्सची करकर. जुना काढायला भोकात ग्रीस ठासून भरायचं, त्याच मापाची गुळगुळीत सळई घालून हातोडी मारायची, ग्रीस दाबलं जात नाही, मागून बुशलाच बाहेर ढकलतं. दर दोन ठोक्यांनी परत ग्रीस भरायचं. नवा बुश सच्छिद्र असतो, त्याला आधी तेल पाजावं लागतं. नुसतं वाटीत बुडवण्यापेक्षा चांगली पद्धत: एका टोकाला अंगठा, बुश इंजिन ऑइलने काठोकाठ भरायचा, दुसऱ्या टोकावर दुसरा अंगठा आणि दोन्हीकडून जोराने दाबायचं. थोड्या वेळाने बुशच्या बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक बारीक थेंब घामासारखे फुटतात. थेंब सगळीकडून आले की झालं. भाच्याला दाखवलं तर त्याने जुना बुश घेऊन परत परत करून बघितलं.

२४ नोव्हेंबर

फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पुसलं, नवी प्लेट कोणत्या बाजूने ते बघून (हबचा लांब भाग गिअरबॉक्सकडे) प्लास्टिकच्या अलाइनमेंट दांडीवर धरली, प्रेशर प्लेट डॉवेलवर, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे, शेवटी टॉर्क रेंचने २० फूट-पाउंड, म्हणजे साधारण २७ न्यूटन मीटर. लावायच्या आधी प्लेट इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) सरकवून बघितली होती, कुठेही न अडता सरकली. एवढं मिनिटभराचं काम, पण किटमध्ये प्लेट चुकीची आली तर ते गिअरबॉक्स आत लटकलेला असताना कळायला नको.

गिअरबॉक्स आत गेला. शेवटचं बोटभर अंतर अडला. बोल्ट लावून ओढायचा मोह होतो, ओढायचं नाही. चौथा गिअर टाकून भाच्याने मागची फ्लँज हळूच फिरवली, स्प्लाइन जुळले आणि बेलहाउसिंग आपोआप टेकलं.

३० नोव्हेंबर

पेडलचं भोक वेल्डने भरून परत गोल करून घेतलं, नवी क्लेव्हिस पिन. मास्टरमध्ये नवे रबर. स्लेव्ह नवाच घेतला, निपल वर, पाइप खाली. पुशरॉड लिव्हरच्या मधल्या भोकात.

ब्रेक फ्लुइड डॉट ४. रंगावर पडलं तर रंग फुगून निघतो म्हणून मास्टरच्या आजूबाजूला फडकी. एअर काढायला आधी निपल उघडून नुसतं वजनाने खाली येऊ दिलं, मग पेडल सावकाश. जोरात मारलं की फेस होतो.

गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर तेल. जीएल-५ च्या बऱ्याच तेलांतली सल्फर-फॉस्फरसची रसायनं पितळ-ब्रॉन्झला खातात आणि सिंक्रोच्या रिंगा त्याच्याच. शिवाय ओव्हरड्राइव्ह हेच तेल वापरतो, त्याचा कोन क्लच घर्षणावर चालतो, त्यामुळे लिमिटेड स्लिपसाठीचं घसरड्या अ‍ॅडिटिव्हचं तेल इथे चालत नाही.

परत पट्टी, परत भाचा पेडलवर. पुशरॉड पाच सूत सरकतो. तेही मधल्या भोकात, जिथे तो आधी नव्हताच.

१ डिसेंबर

टनेल कव्हर न लावता चालवून बघितली, काही गळत असेल तर दिसावं म्हणून. पायाशी प्रोपेलर शाफ्ट उघडा फिरत होता, त्यामुळे फक्त आवारात आणि हळू, भाच्याला बाहेरच उभं केलं.

पेडल हलकं. मध्याच्या जरा वर धरतो. क्लच दाबून तीन सेकंद, रिव्हर्स, आवाज नाही. परत केलं, गरम इंजिनवर पण केलं. नाही.

७ डिसेंबर

तडा भरलेलं कव्हर लावलं, कडेने नवी फोमची पट्टी, आतून उष्णता अडवणारा थर. आता गिअरबॉक्सचं तेल बघायला दर वेळी कव्हर काढायला नको म्हणून फिलर प्लगसमोर भोक पाडून त्याला रबरी बूच दिलंय, आणि क्रॉस शाफ्टच्या ग्रीस निपलपर्यंत गन पोचते का तेही बघून ठेवलंय, पोचते.

रस्त्यावर घेतली. चौथ्या गिअरला चढाव, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण, काटा आणि गाडी बरोबरीने वर. पहिले पाचशे मैल तरी सिग्नलवरून उसळी मारायची नाही, लायनिंग बसू द्यायचं.

बाकी काम: ओव्हरड्राइव्ह तिसऱ्याला लागतो, चौथ्याला कधी लागतो कधी नाही. गिअरबॉक्सच्या वरच्या झाकणावरचा आयसोलेटर स्विच (ठरावीक गिअरलाच ओव्हरड्राइव्ह लागू देणारा) असणार. सोलेनॉइडला वीज पोचते का ते दिवा लावून बघतो पुढच्या आठवड्यात. सीट अजून लावलेली नाही, डावी, म्हणजे झाकणापर्यंत हात जातो.